न्यूटन हायलँड्स : आगगाडी गेली, ट्राम आली, स्थानक राहिले

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहराच्या पश्चिमेस न्यूटन नावाचे उपनगरी शहर आहे. मूळच्या तेरा गावांचे मिळून ते झालेले आहे. त्यांपैकी न्यूटन हायलँड्स या गावाच्या मध्यभागी, आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खालच्या पातळीवर एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. दोन रूळमार्ग, दोन बुटके फलाट, वॉलनट स्ट्रीटवरून खाली उतरणारी वाट आणि वरच्या अंगाला खडबडीत दगडाची, उतरत्या छपराची जुनी इमारत, एवढाच त्याचा पसारा. या इमारतीत आता तिकिटे मिळत नाहीत. तेथे रेल्वेचा कोणताही कारभार चालत नाही. तरीही ज्या कामासाठी ती बांधली गेली, ते काम तिच्या पायथ्याशी अखंड चालू आहे. दर काही मिनिटांनी विजेवर चालणारी जोडगाडी येते, प्रवासी घेते आणि शहराच्या मध्यभागी भुयारातून निघून जाते.

४ जुलै १९५९ रोजी या मार्गावर पहिली विजेची गाडी धावली. त्याआधी शतकाहून अधिक काळ येथे आगगाडी धावत होती. चालू रेल्वेमार्ग आगगाडीकडून काढून घेऊन तो ट्रामसारख्या हलक्या गाड्यांच्या हवाली करण्याचा इतका मोठा प्रयोग अमेरिकेत तोवर झालेला नव्हता. आज जगभरातील अनेक शहरे ज्या वाहतूक पद्धतीला ‘लाइट रेल’ म्हणून ओळखतात, तिच्या पूर्वसुरींमध्ये या मार्गाची गणना होते. विशेष म्हणजे त्या वेळी ‘लाइट रेल’ हा शब्दप्रयोगही आजच्या अर्थाने रूढ नव्हता.

या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात त्यामुळे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे ‘लाइट रेल्वे’ म्हटले की बार्शी लाइट रेल्वे आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने उभारलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे पंढरपूरचे वारकरी, लातूरचा माल आणि मिरजेकडील प्रवासी यांची तिने पिढ्यान्‌पिढ्या ने-आण केली. तेथे ‘लाइट’ म्हणजे खरोखरच हलके : हलके रूळ, लहान इंजिन, अरुंद मार्ग आणि त्यामुळे कमी भांडवल. आधुनिक ‘लाइट रेल’ ही संज्ञा १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय नागरी वाहतूक प्रशासनाने प्रचारात आणली. येथे हलकेपणा गाडीच्या वजनाचा नसून कामाच्या भाराचा आहे. मेट्रो तासाला जितकी माणसे वाहून नेते त्यापेक्षा कमी, पण बसपेक्षा पुष्कळ अधिक माणसे वाहणारी व्यवस्था, असा तिचा अर्थ. तिची गाडी ट्रामच्या वंशातली असते. परंतु ती शक्यतो मोटारींच्या गर्दीत न अडकता स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून धावते. न्यूटन हायलँड्सचे स्थानक या व्याख्येत चपखल बसते. व्याख्या नंतर आली, स्थानक आधीच तयार होते.

या रेल्वेमार्गाचा जन्म मात्र उपनगरी प्रवाशांसाठी झालेला नाही. बॉस्टन अँड वूस्टर रेल्वेने १८४८ मध्ये आपल्या मुख्य मार्गापासून ब्रुकलाइनपर्यंत एक लहान फाटा काढला. चार वर्षांनी, १८५२ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीने तो पुढे न्यूटनच्या दक्षिण भागातून न्यूटन अपर फॉल्स या गिरण्यांच्या वस्तीपर्यंत नेला. त्या काळी हायलँड्स परिसरात शेते, कुरणे आणि तुरळक घरे होती. अशा विरळ वस्तीत रेल्वेला उत्पन्न कोठून मिळणार, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर प्रवाशांनी नव्हे, तर मातीने दिले.

बॉस्टन शहराच्या पश्चिमेला भरती-ओहोटीचा एक विस्तीर्ण उथळ पाणथळ भाग होता. त्याचे नाव बॅक बे. मुंबईकरांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या बॅकबेमध्ये भर घालण्याच्या योजना १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीवर स्वार होऊन आल्या आणि अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच ती तेजी ओसरून कोसळल्या. बॉस्टनच्या बॅक बेची भरणी १८५८ मध्ये सुरू झाली आणि यादवी युद्धाच्या काळातही थांबली नाही. या भरणीसाठी लागणारी वाळू व खडी सुमारे १५ किलोमीटरवरील नीडहॅम येथील टेकड्यांतून येई. वाफेच्या यंत्राने माती खणायची, डबे भरायचे आणि रात्रंदिवस एकामागून एक गाड्या शहराकडे सोडायच्या, असा हा क्रम कित्येक वर्षे चालला. त्या गाड्यांचा मार्ग आजच्या न्यूटन हायलँड्सवरूनच जात असे. बॉस्टनमधील आजची सर्वांत प्रतिष्ठित वस्ती ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन या स्थानकाच्या अंगणातून गेली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

त्याच भरणीच्या जमिनीवर, हजारो लाकडी खांब खोलवर ठोकून त्यांच्या पायावर, १८७७ मध्ये ट्रिनिटी चर्च उभे राहिले. त्याचे वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन. या इमारतीने त्यांची कीर्ती अमेरिकाभर पसरली. जाड, ओबडधोबड दगड, रुंद कमानी आणि जमिनीला बिलगून बसलेला भारदस्तपणा ही त्यांची शैली पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. अशा नामांकित वास्तुरचनाकाराने गावोगावची लहान रेल्वे स्थानके बांधावीत, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु त्यामागे बॉस्टन अँड अल्बनी रेल्वेचे व्यवहारी गणित होते.

१८६७ मध्ये विलीनीकरणातून स्थापन झालेल्या या कंपनीने १८८३ मध्ये ब्रुकलाइन ते न्यूटन हायलँड्स हा जुना मार्ग ताब्यात घेतला. हायलँड्सपासून रिव्हरसाइडपर्यंतचा नवा तुकडा बांधून तिने तो आपल्या मुख्य मार्गाला पुन्हा जोडला. मे १८८६ मध्ये हे वर्तुळ पूर्ण झाले. बॉस्टनहून निघालेली गाडी एका अंगाने न्यूटनमध्ये शिरावी आणि दुसऱ्या अंगाने परत बॉस्टनला जावी, अशी ही ‘न्यूटन सर्किट’ची योजना होती. नव्या मार्गालगत अजून वस्ती नव्हती, ती यायची होती. शहरात नोकरी-व्यवसाय करणारे सुखवस्तू कुटुंब घर घेण्यापूर्वी प्रथम स्थानक पाहणार, हे कंपनीने ओळखले होते. स्थानक हीच उपनगराची जाहिरात होती.

कंपनीच्या संचालक मंडळावर चार्ल्स स्प्रेग सार्जंट हे ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते ब्रुकलाइनचे रहिवासी, रिचर्डसन ब्रुकलाइनचेच आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड हेही तोवर ब्रुकलाइनला राहावयास आलेले. अशा शेजारधर्मातून या स्थानकांची घडण झाली. इमारती रिचर्डसन यांच्या, सभोवतालच्या बागा ऑल्मस्टेड यांच्या विचारांनुसार. एप्रिल १८८६ मध्ये, मार्ग सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, रिचर्डसन यांचे अवघ्या ४७ व्या वर्षी निधन झाले. उरलेले काम त्यांच्या कार्यालयातील शेप्ली, रुटन आणि कूलिज या त्रयीने पुढे नेले. न्यूटन हायलँड्सची इमारत या उत्तराधिकाऱ्यांची आहे. तरीही ग्रॅनाइटच्या भिंती, त्यांना तपकिरी वालुकाश्माची किनार आणि पावसात उभ्या प्रवाशाला झाकून घेणारे, भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेले छप्पर पाहिले की गुरूची सावली स्पष्ट जाणवते. पाऊस आणि बर्फ यांच्या प्रदेशात रुंद पागोळ्यांचे छप्पर ही केवळ शोभा नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या भागात आणखी एक मोठे काम झाले. न्यूटन हायलँड्स आणि शेजारचे न्यूटन सेंटर येथील रस्ते रुळांना सपाटीवर छेदत. फाटकांवर अपघातांची टांगती तलवार असे. म्हणून तेथील रेल्वेमार्ग खोल खणून खाली नेण्यात आला आणि त्यावरून पूल टाकण्यात आले. हा खर्च त्या वेळी फक्त सुरक्षिततेसाठी होता. पण त्यामुळे पुढे पन्नास वर्षांनी जे घडले ते सोपे झाले. मोटारींच्या वाटेत कोठेही न येणारा, फाटकांचा अडथळा नसलेला, दुपदरी रेल्वेमार्ग शहराच्या वेशीपर्यंत आयता उपलब्ध होता. आज असा मार्ग नव्याने बांधायचा तर भूसंपादनातच वर्षे जातील.

दरम्यान १९०० मध्ये बॉस्टन अँड अल्बनी रेल्वे दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने न्यूयॉर्क सेंट्रल या बलाढ्य कंपनीकडे गेली होती. दूरच्या मुख्यालयातून पाहणाऱ्या या कंपनीच्या दृष्टीने न्यूटनचे रोजचे प्रवासी म्हणजे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लागणारी, दिवसभर डबे व कर्मचारी बसवून ठेवणारी डोकेदुखी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली आणि प्रवासी घटले. प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी झाल्या आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी घटले. हे दुष्टचक्र जगातील कोणत्याही रेल्वेला अपरिचित नाही.

आगगाडीची आणखी एक अडचण होती आणि ती मोटारीपेक्षाही मूलभूत होती. हायलँड्सहून निघालेली गाडी बॉस्टनमध्ये साउथ स्टेशनवर थांबे. हे टर्मिनस शहराच्या एका कडेला आहे. मध्यवर्ती दुकाने, न्यायालये व सरकारी कार्यालये गाठण्यासाठी तेथून पायी तरी जावे लागे किंवा वेगळे तिकीट काढून दुसरी गाडी पकडावी लागे. याउलट बॉस्टनच्या ट्रामना १८९७ पासूनच शहराच्या ऐन पोटात भुयार मिळालेले होते. ट्रेमाँट स्ट्रीटखालचा तो मार्ग म्हणजे अमेरिकेतील पहिले भुयारी रेल्वे बांधकाम. आगगाडीकडे उपनगरातला उत्तम मार्ग होता, पण शहरात पोहोचण्याची जागा चुकीची होती. ट्रामकडे शहरातले उत्तम भुयार होते, पण उपनगराकडे जाताना ती रस्त्यावरील मोटारींच्या रांगेत खोळंबत असे.

या दोन अर्ध्या गोष्टी जोडाव्यात, ही कल्पना राज्याने नेमलेल्या कूलिज आयोगाने १९४५ च्या अहवालात मांडली होती. १९४७ मध्ये बॉस्टनची शहरी वाहतूक खासगी कंपनीकडून सार्वजनिक प्राधिकरणाकडे आली आणि १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने हा रेल्वेमार्ग घेण्यास मंजुरी दिली. ३१ मे १९५८ रोजी येथील प्रवासी आगगाडी बंद झाली. पुढच्या वर्षी ४ जुलैला, म्हणजे अवघ्या तेरा महिन्यांत, नवी सेवा सुरू झाली.

हा वेग शक्य झाला, कारण नव्याने करण्यासारखे तुलनेने थोडेच होते. अमेरिकेतील आगगाडी आणि बॉस्टनची ट्राम यांच्या दोन रुळांमधील अंतर एकच होते, १,४३५ मिलिमीटर. त्यामुळे रूळ उखडून नव्या मापाने टाकावे लागले नाहीत. डोक्यावर वीजवाहक तारा ओढण्यात आल्या, सिग्नल बदलले गेले, फलाटांची डागडुजी झाली, शेवटच्या टोकाला रिव्हरसाइड येथे गाड्यांचे आगार आणि मोटारी उभ्या करण्याचे मोठे मैदान तयार झाले. खरे मोलाचे बांधकाम मात्र एकच होते आणि तेही छोटे. फेनवे भागाजवळ जुना रेल्वेमार्ग आणि ट्रामचे भुयार एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. त्यांना जोडणारा बोगद्याचा एक तुकडा खोदण्यात आला. त्या तुकड्यामुळे न्यूटन हायलँड्सचा प्रवासी गाडी न बदलता केनमोरमार्गे थेट पार्क स्ट्रीटला, म्हणजे बॉस्टनच्या मध्यबिंदूवर उतरू लागला.

धावणाऱ्या गाड्याही नव्या नव्हत्या. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी एक समिती नेमून मोटारीशी स्पर्धा करू शकेल असा आवाजरहित, झटकन वेग घेणारा डबा तयार करवून घेतला होता. समितीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘पीसीसी’ म्हणून ओळखला जातो. बॉस्टनकडे असे डबे होते, पण ते अपुरे पडू लागले. टेक्सास राज्यातील डॅलस शहराने आपली ट्राम १९५६ मध्ये बंद केली होती. तेथील २५ जुने डबे बॉस्टनने विकत घेतले. एका शहराने टाकून दिलेली वस्तू दुसऱ्या शहरासाठी अशी मोलाची ठरली.

त्या काळाचा कल लक्षात घेतला की या निर्णयाचे वेगळेपण उमगते. जगभर ट्राम हे कालबाह्य आणि रस्ता अडवणारे वाहन मानले जात होते. चेन्नईची ट्राम १९५३ मध्ये बंद झाली होती. दिल्लीची १९६३ मध्ये बंद झाली आणि मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. खुद्द बॉस्टनमध्येही रस्त्यावरच्या ट्राम एकेक करून बसला जागा देत होत्या. अशा वेळी एका प्राधिकरणाने आगगाडीचा मार्ग घेऊन त्यावर ट्राम घातली. या पाठीमागे काही दूरदर्शी तत्त्वज्ञान होते, असे मानण्याचे कारण नाही. भुयारी रेल्वेचे जड डबे आणायचे तर उंच फलाट, नवे भुयार आणि प्रचंड पैसा लागला असता. ट्राम हा परवडणारा पर्याय होता. तो चांगला ठरला.

प्रवासी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आले. रिव्हरसाइड आणि वुडलँड येथे मोटार उभी करून पुढे गाडीने शहरात जाण्याची सवय मध्यमवर्गीयांना लागली. डब्यांची चणचण इतकी भासू लागली की तिची झळ इतर मार्गांना बसली. बॉस्टनमधून वॉटरटाउनला जाणारी रस्त्यावरची ट्राम १९६९ मध्ये बंद करून तेथे बस आणली गेली, त्यामागील कारणांत डब्यांचा तुटवडा हेही एक होते. एका उपनगराच्या सोयीची किंमत दुसऱ्या उपनगराने अंशतः मोजली, ही बाब यशोगाथेत सहसा सांगितली जात नाही.

आणखी एक किंमत दगडांनी मोजली. नव्या गाड्यांत भाडे गाडीतच घेतले जात असल्याने तिकीटघर, प्रतीक्षागृह व स्थानक अधीक्षक यांची गरज संपली. मोटारी उभ्या करण्यासाठी जागा हवी होती. चेस्टनट हिल, एलियट आणि वेबन येथील रिचर्डसन यांच्या इमारती या बदलाच्या काळात जमीनदोस्त झाल्या. ज्या कंपनीने उपनगराची जाहिरात म्हणून त्या उभारल्या, तिच्या लेखी त्यांचे काम संपले होते आणि नव्या मालकाला त्या अडचणीच्या वाटल्या. न्यूटन हायलँड्सची इमारत वाचली ती व्यापारी वापराला दिल्यामुळे. न्यूटन सेंटरची आणि वुडलँडची इमारतही उरली. १९७६ मध्ये या उरलेल्या वास्तूंची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत एकत्रित नोंद झाली. तोवर अर्धा वारसा गेलेला होता.

तरीही हा बदल झाला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ते न्यूटनमध्येच, तीन-चार किलोमीटर उत्तरेला सापडते. न्यूटन सर्किटचा दक्षिणेचा अर्धा भाग ट्रामकडे गेला. उत्तरेचा अर्धा, म्हणजे बॉस्टन-वूस्टर मुख्य मार्ग, आगगाडीकडेच राहिला. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या मार्गाच्या कडेने, त्याचीच जमीन घेऊन, मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक हा टोल आकारणारा द्रुतगती महामार्ग शहरापर्यंत वाढवण्यात आला. चार रूळमार्गांचे दोनच उरले. ऑबर्नडेल येथील रिचर्डसन यांचे स्थानक, त्यांच्या रेल्वे वास्तूंमधील अनेकांच्या मते सर्वांत देखणे, या कामात पाडले गेले. न्यूटनव्हिल, वेस्ट न्यूटन आणि ऑबर्नडेल ही तीन स्थानके उरली, पण महामार्गाच्या भिंतीला चिकटलेल्या एकेका अरुंद फलाटाच्या रूपात. दोन रूळमार्ग आणि फलाट एकाच बाजूला, अशा रचनेमुळे दोन्ही दिशांच्या गाड्यांना तेथे सोयीने थांबता येईना आणि फेऱ्यांवर कायमची मर्यादा पडली. जिने उतरता न येणाऱ्या प्रवाशांसाठी ती स्थानके दशकानुदशके बंदच होती म्हणावयास हरकत नाही. एकाच शहरातून जाणाऱ्या या दोन मार्गांच्या नशिबात इतका फरक पडला.

लाइट रेलचे पुढचे आयुष्यही निर्वेध नव्हते. १९६५ मध्ये बॉस्टनच्या मार्गांना रंगांची नावे मिळाली. ऑल्मस्टेड यांनीच आखलेल्या उद्यानांच्या हिरव्या माळेवरून या मार्गाला ‘ग्रीन लाइन’ म्हटले गेले आणि न्यूटनकडे जाणाऱ्या फाट्याला १९६७ मध्ये ‘डी’ हे अक्षर मिळाले. १९७० च्या दशकात जुने पीसीसी डबे बदलण्यासाठी बोइंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या व्हर्टॉल विभागाकडून नवे डबे घेण्यात आले. १९७६ च्या अखेरीस ते या फाट्यावर धावू लागले. दरवाजे अडकणे, रुळांवरून घसरणे अशा तक्रारींनी प्राधिकरण इतके हैराण झाले की निवृत्त करावयाचे जुने डबे पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले.

१९५९ मध्ये खोदलेल्या जोड-बोगद्याने एक अनपेक्षित वाटही उघडी करून दिली होती. ती पाण्याची. फेनवेजवळून मडी रिव्हर ही लहान नदी वाहते. ऑक्टोबर १९६२ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १९९६ मध्ये अतिवृष्टीने नदी फुगली, पाणी रेल्वेमार्गावर आले आणि उताराने बोगद्याच्या तोंडातून सरळ केनमोरच्या भुयारी स्थानकात शिरले. उपनगराला शहराच्या पोटाशी जोडणारा दुवाच पुराच्या पाण्याचाही दुवा ठरला.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. २८ मे २००८ च्या संध्याकाळी वेबन आणि वुडलँड या स्थानकांदरम्यान एका गाडीने पुढे असलेल्या गाडीला मागून धडक दिली. धडक देणाऱ्या गाडीच्या चालक महिलेचा त्यात मृत्यू झाला. चालकाकडून सिग्नल दुर्लक्षिला गेल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा या मार्गावर नव्हती. अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या उणिवेवर बोट ठेवले. ट्राम रस्त्यावर चालते तेव्हा चालक समोर पाहून गाडी हाकतो आणि वेगही बेताचा असतो. तीच गाडी आगगाडीच्या मोकळ्या मार्गावर आणली की तिचा वेग आगगाडीसारखा होतो, पण सुरक्षा ट्रामचीच राहते. कमी खर्चात झालेल्या रूपांतराची ही उधारी पन्नास वर्षांनी वसूल झाली.

या स्थानकाचा भारतीय वाचकाशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. दिल्लीतील रिंग रेल्वे पाहिली की तो सुटतो. हजरत निजामुद्दीनपासून राजधानीला वळसा घालणारा सुमारे ३५ किलोमीटरचा हा मार्ग मालगाड्या शहराबाहेरून वळवण्यासाठी १९७५ मध्ये पूर्ण झाला आणि १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी त्यावर प्रवासी सेवेची वाढ करण्यात आली. लोधी कॉलनी, सरोजिनी नगर, चाणक्यपुरी अशी त्याची स्थानके ऐन वस्तीत आहेत. तरीही कामावर जाण्यासाठी तिच्यावर अवलंबून राहणारे दिल्लीकर थोडेच. गाड्या कमी, स्थानकांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अडचणीच्या आणि उतरल्यावर पुढची बस अथवा मेट्रो सहज हाताशी नाही. न्यूटन हायलँड्सची १९५० च्या दशकातील आगगाडी याच दुखण्याने आजारी होती. रूळ होते, स्थानक होते, प्रवासीही होते. कमतरता होती ती वारंवार येणाऱ्या गाडीची आणि योग्य ठिकाणी उतरवणाऱ्या मार्गाची.

अर्थात बॉस्टनचा उपाय भारतात जसाच्या तसा उचलता येणार नाही. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. दिल्ली मेट्रोचे सुरुवातीचे मार्ग त्या मापाचे असले तरी देशातील नंतरचे बहुतेक मेट्रो मार्ग १,४३५ मिलिमीटरचे आहेत. म्हणजे बॉस्टनमध्ये जो योग फुकटात जुळून आला, तो येथे जुळत नाही. शिवाय आपल्याकडचे शहरी रूळ क्वचितच एकट्या प्रवाशांचे असतात. त्यांवरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. जड मालगाडी आणि हलका ट्रामडबा एकाच वेळी एकाच रुळावर चालवणे धोक्याचे असते. न्यूटनचा मार्ग रूपांतरास सोपा गेला, कारण तोवर त्याचे इतर उपयोग जवळपास संपलेले होते.

केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ नावाने हलक्या शहरी रेल्वेची मानके प्रसिद्ध केली. मध्यम शहरांना पूर्ण मेट्रो परवडत नाही आणि तिच्याइतके प्रवासीही नसतात, हे त्यामागचे कारण. कल्पना मूलतः तीच आहे, जी वॉलनट स्ट्रीटखालच्या फलाटावर रोज प्रत्यक्ष दिसते. फरक इतकाच की मेट्रोलाइटसाठी जागा नव्याने शोधावी लागते. स्वतंत्र मार्गिका मिळाली नाही आणि गाडी रस्त्यावरील रहदारीत अडकली, तर नाव काहीही दिले तरी ती १९६४ ची मुंबईतील ट्रामच ठरेल. नव्याने बांधण्याचा खर्च किती होतो, याचाही धडा बॉस्टननेच दिला आहे. ग्रीन लाइनचा सॉमरव्हिल व मेडफर्डकडील विस्तार २०२२ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झाला. सात किलोमीटरच्या आसपास लांबीच्या या कामाचा अंदाजित खर्च २ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. मार्ग जुन्या रेल्वेच्या कडेनेच आहे, परंतु येथे जुने रूळ रिकामे नव्हते, त्यांना सरकवून नव्यांना जागा करून द्यावी लागली.

त्या विस्तारानंतर न्यूटन हायलँड्सची गाडी शहर ओलांडून सॉमरव्हिलमधील युनियन स्क्वेअरपर्यंत जाऊ लागली. रिव्हरसाइडपासून फेनवेपर्यंतच्या तेरा स्थानकांपैकी सात न्यूटनमध्ये आहेत आणि त्यांपैकी हायलँड्स हे रिव्हरसाइडकडून पाचवे.

हायलँड्सच्या थोडे पलीकडे जुना मार्ग दुभंगतो. उजवीकडचे रूळ १८८६ च्या नव्या जोडाने रिव्हरसाइडला जातात. डावीकडे अपर फॉल्स आणि नीडहॅमकडे जाणारी १८५२ ची मूळ वाट आहे, ज्या वाटेने बॅक बेची माती आली. तिच्यावरील मालगाड्याही पुढे थांबल्या. न्यूटनच्या हद्दीतील रूळ उचलले गेले आणि तेथे आता पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी साधी खडीची वाट आहे. हायलँड्सपासून नीडहॅमपर्यंत ग्रीन लाइनचा फाटा न्यावा, हा प्रस्ताव १९४५ च्या आराखड्यांपासून अधूनमधून पुढे येत राहिला आहे. त्या वाटेवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत त्याचे समर्थकही असतात आणि ही झाडी, ही शांतता जाऊ नये म्हणणारेही.